रोजा, लंघन आणि दीर्घ पल्ल्याचे धावपटू

२०१२ चे लंडन ऑलिम्पिक संपूर्णपणे रमजान महिन्यात आले होते. तेथील उन्हाळ्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा सोळा तासांहून अधिक लांबतो. ब्रिटनचे धावपटू मो फराह यांनी रोजे स्पर्धेनंतर धरण्याचे ठरविले आणि ४ ऑगस्टला १०,००० मीटर व ११ ऑगस्टला ५,००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. काही खेळाडूंनी मात्र रोजे पाळूनच भाग घेतला. आजारी व प्रवासी यांना रोजे पुढे धरण्याची मुभा कुराणातच आहे. ती घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न होय. शरीरात काय घडते ते सांगणे, एवढेच वैद्याचे काम.

चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. उपवास, पिपासा, व्यायाम व आतप हे त्यांतील स्वतंत्र प्रकार आहेत, हे वैद्यबंधूंस विदितच आहे. दुपारच्या उन्हात सराव करणारा रोजेदार धावपटू हे चारही एकाच वेळी करीत असतो! त्यात सहरीसाठी पहाटे उठल्याने निद्राही खंडित होते. अशा वेळी अंगमर्द, मुखशोष, तृष्णा व बलहानी ही अतिलंघनाची लक्षणे दिसल्यास नवल नाही.

आधुनिक अभ्यासही याला पूरक आहेत. शरीरभाराच्या सुमारे दोन टक्के इतके पाणी घटले की दीर्घ पल्ल्याची कामगिरी, विशेषतः उष्म्यात, घसरू लागते. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र बहुतेक अभ्यासांत फारशी घटलेली आढळत नाही. झोप, आहार व सराव सांभाळल्यास घट अल्प राहते, असेही दिसून आले आहे.

हा प्रश्न आपल्या दारीही येणार आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. गणिताप्रमाणे २०२९ व २०३० मध्ये तो जानेवारीत, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या महिन्यात येईल.

सल्ला विचारणाऱ्या धावपटूस आम्ही असे सांगू: कठीण सराव इफ्तारनंतर दोन-तीन तासांनी करावा, दिवसा केलाच तर सूर्यास्तापूर्वी थोडा वेळ, अर्धशक्तीनेच. इफ्तार ते सहरी या काळात पाणी थोडेथोडे, वारंवार प्यावे. दुपारी अल्प विश्रांती घ्यावी. भोवळ वा भ्रम जाणवल्यास धावणे तत्काळ थांबवावे.

औषधविक्रेत्यांनीही दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. दिवसा तोंडावाटे औषध घेतल्यास रोजा मोडतो. म्हणून वैद्यांना विचारून मात्रा इफ्तार व सहरीच्या वेळी योजाव्यात. तसेच आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो, हे ग्राहकास आधीच सांगावे व चूर्ण, वटी वा क्वाथाचा पर्याय वैद्यांकडून घेण्यास सुचवावे. न सांगता बाटली हाती देणे म्हणजे त्याच्या विश्वासाचा भंग करणे होय.

रोजा मोड असे आपण म्हणू नये, आणि काही होत नाही असेही म्हणू नये. रुग्णाची श्रद्धा जाणून खरे ते सांगणारा वैद्यच त्याचा आप्त ठरतो, असे आम्हांस वाटते.