पेट्रोलच्या जुन्या जाहिरातींतील गिऱ्हाईक

जुन्या कागदाचा संग्राहक बहुधा सनद, महजर, बखर एवढ्यावरच थांबतो. गाडीवर डकवून कांहीं दिवसांनीं फाडून टाकावयाचा छापील कागद त्याच्या दप्तरांत क्वचितच शिरतो. तथापि इ. स. १९३० ते १९३९ या काळांत इंग्लंडांत शेल कंपनीनें पेट्रोल खपविण्यासाठीं काढलेलीं चित्रपत्रकें आज मोठ्या आस्थेनें जपलीं जातात, व त्यांविषयीं बोलतांना जाणते लोकही हळवे होतात. त्या काळीं जाहिरातींत साधीं, रोजचीं माणसें असत, हा त्या हळवेपणाचा मुख्य आधार. तो कितपत टिकतो, हें मूळ कागदावरूनच ठरविणें योग्य.

हीं पत्रकें रस्त्याकडेच्या फलकांसाठीं नव्हतीं. फलकांमुळें खेड्यापाड्यांची शोभा नासते अशी ओरड तेथें फार झाली होती. म्हणून पेट्रोल पोंचविणाऱ्या लाऱ्यांच्या अंगावरच तीं डकवीत. आकार सुमारें ३० × ४५ इंच, छपाई रंगीत शिळाछापाची. प्रसिद्धिखात्याचा मुख्य जॅक बेडिंग्टन (१८९३–१९५९) हा रसिक गृहस्थ. त्यानें नामांकित व होतकरू अशा दोन्ही प्रकारच्या चित्रकारांकडून हें काम करून घेतलें. १९३२ सालीं शेल व बी. पी. यांची ब्रिटनमधील विक्री एकत्र झाली, तेव्हां दोन्ही नांवांची प्रसिद्धि त्याच्याच हातीं आली.

यांतील एक माला गिऱ्हाइकांची आहे. 'अमुक लोक शेल पसंत करतात' किंवा 'हे लोक शेल वापरतात' असा मजकूर, आणि दरवेळीं निराळा व्यवसाय वा छंद: जादूगार (मॅक्नाइट कॉफर, १९३४), बागकामाचे हौशी (सेड्रिक मॉरिस, १९३४), पत्रकार (हान्स श्लेगर, १९३८), नाटकाचे शौकीन (जॉन आर्मस्ट्राँग, १९३८). वाचणाराला वाटतें कीं, समाजांतील मंडळी ओळीनें साक्षीला उभी केली आहे. पण मॉरिसच्या पत्रकांत माळी शोधूं गेल्यास हातीं लागतात तीं फुलें. मॉरिस स्वतः बागेचा मोठा जाणकार, आयरिसच्या नव्या जाती तयार करणारा. त्यामुळें फुलें अस्सल आहेत, गिऱ्हाईक मात्र नाहीं. साक्षीदाराचें नांव नाहीं, गांव नाहीं, निशाणी नाहीं. महजरावर अशी साक्ष आली असती तर आपण ती क्षणभरही ग्राह्य धरली नसती!

मग हा कागद पुरावा कशाचा? गिऱ्हाईक कोण होतें याचा नव्हे. तें कोण असावें असें विकणाराला वाटत होतें, याचा. १९३९ च्या सुमारास ब्रिटनमध्यें खासगी मोटारी सुमारें २० लाख, आणि माणसें साडेचार कोटींहून अधिक. मोटारीचा धनी हा तेथील सर्वसामान्य मनुष्य नव्हताच. व्यवसायाचें नांव पुढें केलें कीं ऐपत झांकली जाते.

सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें व सर्व कंपन्यांचें पेट्रोल एकत्र करून 'पूल' या एकाच नांवानें विकलें जाऊं लागलें. कंपन्यांचीं नांवें पंपावर परत आलीं तीं १९५३ सालीं. ही माला अशी ऐन भरांत तुटली. हळवेपणाचें मूळ आमच्या मतें चित्रांतील माणसांपेक्षां या तुटण्यांत अधिक आहे.

आपल्याकडे शेलचें नांव १९२८ सालीं स्थापन झालेल्या बर्मा-शेल कंपनीमार्फत पोंचलें, आणि पेट्रोलपेक्षां रॉकेलच्या डब्यांवरून अधिक घरांत गेलें. १९७६ सालीं सरकारनें ती कंपनी ताब्यांत घेतली; १९७७ पासून ती 'भारत पेट्रोलियम' झाली. लाऱ्यांवर डकविलेले कागद पावसापाण्यांत गेले. ब्रिटनमधील मोठा साठा ब्यूली येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयांत आहे. आपल्या संग्राहकांकडे येतात त्या दुकानांवरून उतरविलेल्या एनॅमलच्या पाट्या. अशी पाटी हातीं आल्यास ती प्रथम घासून लख्ख करूं नये. मागील बाजू, खिळ्यांचीं भोकें, कारखान्याचें नांव व ती कोणत्या गांवच्या कोणत्या दुकानावर होती, हें आधीं टिपून घ्यावें. दुकानदाराच्या वंशजांकडे उधारीच्या वह्या शिल्लक असल्यास त्याही मागाव्या. पेट्रोल वा रॉकेल खरोखर कोण नेत असे, याचा माग लागला तर तेथेंच लागेल.