ठोका नेमका कुठला? जुन्या फियाटच्या निमित्ताने अनुमानाविषयी थोडे

मित्रहो, मागच्या वेळी आपण प्रत्यक्ष प्रमाणाविषयी बोललो. आज अनुमान. पाठ्यपुस्तकात अनुमान म्हटले की डोंगर आणि डोंगरावरचा धूर आलाच. उदाहरण चांगले आहे, पण त्यात एक उणीव आम्हांला शिकवतानाही जाणवायची. डोंगरावर आग असली काय नि नसली काय, वर्गातल्या कुणाचं काही बिघडत नाही! म्हणून आज असं उदाहरण घेऊ, ज्यात अनुमान चुकलं तर कुणाला तरी भुर्दंड बसतो. जुन्या मोटारीच्या इंजिनातून येणारा आवाज.

गाडी कोणती, तर फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. झडपा वर, त्यांना हलवणारी कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, मध्ये लांब काठ्या आणि रॉकर. म्हणजे लोखंडावर लोखंड आपटण्याच्या जागा भरपूर. हे इंजिन धडधाकट असतानाही गप्प बसत नाही. त्यामुळे 'आवाज येतो का?' हा प्रश्नच नाही. कालपर्यंत नसलेला कोणता आवाज आज येतो, हा प्रश्न आहे.

आता मालक गॅरेजात जाऊन काय सांगतो? 'टकटक येतेय.' मराठीला ध्वनीचे शब्द कमी नाहीत बरं का. टकटक, ठकठक, खडखड, किरकिर, घरघर, फसफस. आणि जाणता मिस्त्री त्यांतून खरोखर बरंच काही काढतो. टकटक म्हटलं की त्याचं लक्ष वर, टॅपेटकडे. ठकठक म्हटलं की खाली, बेअरिंगकडे. पण एका माणसाची टकटक ही दुसऱ्याची ठकठक असते. म्हणून चांगला मिस्त्री नावावर थांबत नाही, तो विचारतो: केव्हा? गार इंजिनाला की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? रेस दिली की वाढतो, की सोडली की? हे प्रश्न आवाज कसा आहे याचे नाहीत, आवाज कशाबरोबर बदलतो याचे आहेत. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांतली एक हीच: एक गोष्ट बदलली की दुसरी तिच्याबरोबर बदलते का, ते पाहा.

एक साधा हिशेब सांगतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. उभ्या गाडीत क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते. एखाद्या टॅपेटची फट वाढली असेल तर टकटक याच निम्म्या तालात येते, आणि सवयीचा कान तो ताल ओळखतो. चालू इंजिनात त्या फटीत फीलर गेजची पाती सरकवली आणि आवाज दबला, तर चोर सापडला. पण निम्मा ताल टॅपेटचीच मक्तेदारी नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो, तेव्हा स्फोटाशी बांधलेला कोणताही आवाज याच तालात येऊ शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी परीक्षा प्लगची. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. (इन्सुलेट केलेल्या पकडीने, आणि काढलेलं टोक अर्थ करून, नाहीतर झटका बसतो. आणि हा प्रयोग जुन्या गाडीवरच, आजच्या गाडीवर कृपा करून नको.) वायर काढली की त्या सिलिंडरमधला स्फोट थांबतो. त्याबरोबर ठोका नाहीसा झाला, तर ठोका त्या सिलिंडरचा. येथवर सगळं ठीक. यापुढे गॅरेजात जे वाक्य उच्चारलं जातं तिथे आपल्याला थांबायचं आहे: 'ठोका गेला, म्हणजे बिग एंड गेलं.'

बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक. तिथलं बेअरिंग झिजलं की फट पडते आणि प्रत्येक स्फोटाला रॉड क्रँकवर आदळतो. हे दुखणं लहान नव्हे. तसंच चालवत राहिलं तर एक दिवस रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो, मग इंजिन भंगारात. दुरुस्तीसाठी इंजिन उघडायचं, क्रँक ग्राइंड करायची, बेअरिंग घालायची. जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीला भिडतो.

आमच्या परिचयातल्या एका बाईंवर हाच प्रसंग आला. गाडी यजमानांची, ते गेल्यानंतर बाई स्वतः चालवत. कात्रजच्या चढाला टकटक येऊ लागली. गॅरेजात आधी टॅपेट सेट झाले, फरक नाही. मग प्लगची परीक्षा झाली. तीन नंबरची वायर काढताच आवाज बंद. निकाल: टॅपेट नव्हे, तेव्हा बेअरिंग, इंजिन उघडावं लागेल. बाईंनी आकडा ऐकला आणि गाडी भंगारवाल्याला द्यायचं जवळजवळ ठरवलं.

इथे आपण न्यायशास्त्राकडे वळू. न्यायसूत्रांत अनुमानाचा एक प्रकार शेषवत् असा सांगितला आहे. भाष्यकार वात्स्यायन त्याचे दोन अर्थ देतात. एक, कार्यावरून कारण: नदीला पूर आलेला दिसला, तेव्हा वर कुठे पाऊस झाला. दुसरा, शक्यता एकेक करून वगळायच्या आणि उरेल ती घ्यायची. गॅरेजात दोन्ही अर्थ एकदम वापरले गेले होते, बघा. दुसऱ्यातला धोका उघड आहे: शक्यतांची यादी दोनच नावांची असेल, तर उरलेलं नाव खरं ठरत नाही, ते फक्त उरतं.

पहिल्या अर्थावरचा आक्षेप सूत्रकार स्वतःच मांडतात. नदी फुगली ती पुढे पाणी अडल्यामुळेही असेल. मुंग्या अंडी हलवतात ती पावसाच्या चाहुलीने असं म्हणता, पण त्यांचं वारूळ मोडलं असलं तर? आणि मोराची केका ऐकू आली, पण एखादा माणूसच मोरासारखा ओरडत असेल तर? तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा पूर्वपक्ष. उत्तर फार सुंदर आहे. नुसतं पाणी वाढणं हे पावसाचं चिन्ह नव्हेच. प्रवाहाला आलेला वेग, फेस, वाहत आलेली पानं, फळं, लाकडं, हे सगळं मिळून चिन्ह. आणि मोराच्या आवाजाबद्दल भाष्यकार म्हणतात की नकलेहून वेगळा असा तो विशिष्ट आवाज ज्याला पकडता येतो, त्याच्यासाठी ते चिन्ह खरं, जसं सापाला! मोर आला की नाही याच्यावर ज्याचा जीव अवलंबून, त्याचा कान.

बाईंच्या फियाटकडे परत येऊ. प्लगच्या परीक्षेने काय सिद्ध झालं? आवाज तीन नंबरच्या स्फोटावर अवलंबून आहे, एवढंच. स्फोटावर बेअरिंगचा ठोका अवलंबून असतो, तसाच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फुटक्या गॅस्केटचा आवाजही. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधलं हे पॅकिंग एका जागी जळलं की दर स्फोटानंतर धुराचा झोत फटीतून बाहेर फुटतो, आणि ऐकू येते टकटक. ताल निम्मा, म्हणून टॅपेटसारखी. चढावर वाढणारी, प्लग काढल्यावर थांबणारी, म्हणून बेअरिंगसारखी. मोराची नक्कल करणारा माणूस तो हाच.

मग फेस आणि पानं कुठे शोधायची? एका वयस्कर मिस्त्रींनी ती शोधली, आम्ही शेजारी उभं राहून पाहत होतो. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी अगदी गार असताना चालू केली. टकटक जोरात, इंजिन तापत गेलं तशी मंद. झिजलेल्या बेअरिंगचं वागणं बहुधा उलटं असतं, कारण तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि ठोका उघडा पडतो. लोखंडातली फट मात्र तापून फुगल्यावर मिटत जाते. मग त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवलं. तीन नंबरपाशी फस् फस् स्पष्ट. तिथेच काजळीचा काळा ओघळ. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकच्या खालच्या अंगाला टेकवून मूठ कानापुढच्या हाडाला लावली. तिथे ठोका नाही. (पॅरिसच्या लाएनेकने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली, त्याचंच हे गॅरेजातलं भावंड. पंख्यापासून बाही आणि पदर तेवढा सांभाळायचा.)

एवढं झाल्यावरही त्यांनी बेअरिंग ठीक आहे असं म्हटलं नाही. ऑइल प्रेशरचं गेज जोडून गरम इंजिनाला प्रेशर मोजलं, ते उतरलं नव्हतं, तेव्हा कुठे बोलले. ही पायरी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. गॅस्केट फुटलेलं सापडलं म्हणून बेअरिंग शाबूत ठरत नाही. एका गाडीत दोन्ही असू शकतात. आणि इथे चूक झाली असती तर तिची किंमत घाटात कळली असती.

नवं गॅस्केट, एक ढिला स्टड. काम एका दिवसात झालं. गाडी अजून बाईंकडेच आहे.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मिस्त्रीला पाठवला तर चालेल का? काही प्रमाणात. पण फोन लहानमोठा आवाज आपोआप एका पातळीला आणतो, म्हणजे रेस दिल्यावर ठोका किती वाढला हे त्यात पुसलं जातं, आणि खालचा जड आवाज त्याच्या इवल्या स्पीकरमधून नीट येतच नाही. पाठवायचंच असेल तर दोन वेगळी रेकॉर्डिंग पाठवा, एक सकाळच्या पहिल्या सेल्फचं आणि एक वीस मिनिटं चालवून आल्यावरचं, आणि कोणतं कोणतं ते लिहायला विसरू नका.