केसॉन गंजतो तेव्हा

मुंबई हायचे तेलक्षेत्र म्हटले की ‘सागर सम्राट’ ही खोदाईची रिग, १९७४ साली लागलेले तेल आणि १९७६ मध्ये सुरू झालेले उत्पादन आठवते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात उभ्या असलेल्या तिथल्या अनेक प्लॅटफॉर्मांनी आपले २५ वर्षांचे अपेक्षित आयुष्य केव्हाच ओलांडले आहे. ते अजून काम देतात याचे श्रेय देखभालीला. पण तेलाच्या पाइपांना मिळते तेवढे लक्ष केसॉनच्या वाट्याला येत नाही, आणि मला ते धोक्याचे वाटते.

केसॉन म्हणजे डेकपासून थेट समुद्रात सोडलेला जाडजूड पोलादी पाइप. आग विझवायला आणि यंत्रे थंड ठेवायला समुद्राचेच पाणी लागते. डेक पाण्यापासून पंधरा-वीस मीटर उंच. वर ठेवलेला पंप मात्र फार तर दहा मीटरपर्यंतच पाणी ओढू शकतो, कारण हवेच्या दाबाचा जोर तेवढाच. म्हणून पंपच पाण्यात सोडायचा, आणि लाटांचे तडाखे बसू नयेत म्हणून त्याच्याभोवती केसॉन. काही केसॉनमधून डेकवरचे तेलकट सांडपाणी खाली सोडतात.

पोलाद सर्वांत जास्त झिजते ते लाटा आदळतात त्या पट्ट्यात. तिथे ते सतत भिजते, वाळते, त्यावर मीठ साचते आणि प्राणवायूची ददात नसते. बाहेरून पाण्याखालच्या भागाला ॲल्युमिनियमचे ॲनोड वाचवतात, ते स्वतः झिजतात म्हणून. पण पाण्याच्या वर त्यांचा इलाज चालत नाही आणि केसॉनच्या पोटात त्यांचा प्रवाह पोचत नाही. आत तर वेगळेच संकट असते. पंप स्टेनलेस स्टीलचा किंवा ब्राँझचा, केसॉन साध्या पोलादाचा, आणि दोघांमध्ये खारे पाणी. अशा जोडीत साधे पोलाद विरघळते. आतला रंग एका ठिकाणी खरवडला गेला की साऱ्या गंजाचा मारा तेवढ्याच ठिपक्यावर होतो आणि तिथे आरपार भोक पडते. बाहेरचा पिवळा रंग तोवर शाबूत असू शकतो.

असा पोखरलेला केसॉन तुटूही शकतो. ९०० मिलिमीटर व्यासाचा, १२ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर मीटरमागे अडीचशे किलोहून अधिक वजन भरते. चाळीस मीटरचा केसॉन म्हणजे दहा टन. तो तुटून खाली आला आणि वाटेत रायझर, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर येणारा वायूचा उभा पाइप असला, तर? रायझर फुटल्यावर काय होते ते आपण २७ जुलै २००५ रोजी पाहिले. कारण वेगळे होते: एक जहाज रायझरवर आदळले. पण मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म दोन तासांत जळून गेला आणि २२ माणसे गेली.

दुरुस्तीचे मार्ग बरेच आहेत. दोन अर्धगोल पत्रे बोल्टने आवळून मध्ये ग्राउट (घट्ट होणारा सिमेंटसारखा गारा) भरतात. काच किंवा कार्बनच्या तंतूंचे कापड इपॉक्सीत भिजवून गुंडाळतात. पंप बाहेर काढून जुन्या पाइपात नवा पाइप सरकवतात. किंवा कुजलेला खालचा भाग कापूनच टाकतात. सांडपाण्याच्या केसॉनमध्ये ज्वालाग्राही वाफ साचलेली असू शकते, म्हणून तिथे गॅस कटर न वापरता वाळूमिश्रित पाण्याच्या जोरदार झोताने कापणे सुरक्षित. गुंडाळीचे काम सोपे दिसते, पण त्याचे यश आधीच्या घासकामावर ठरते. शिंपले, शेवाळ, गंजाचा पोपडा निघून पोलाद खरखरीत आणि स्वच्छ झाले नाही, तर इपॉक्सी धरतच नाही. पाइप आतून गंजत असेल तर बाहेरच्या पट्टीखाली गंज चालूच राहतो. म्हणून आधी अल्ट्रासॉनिकने जाडी मोजावी, पंप वर आला की आत कॅमेरा सोडावा, आणि मगच उपाय ठरवावा.

अरबी समुद्रात या कामाला मुदत फार थोडी मिळते. जून ते सप्टेंबरच्या उधाणात पाणबुड्यांना लाटांच्या पट्ट्यात उतरवणे जिवावरचे. जानेवारीत दिसलेले भोक ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणून सोडले, तर मध्ये अख्खा पावसाळा त्यावर आदळतो. आगीच्या वेळी पाणी ज्यातून येणार, तो केसॉन प्लॅटफॉर्मच्या सुरक्षा यंत्रणेचाच भाग आहे. त्याची तपासणी रायझरच्या बरोबरीने, त्याच वेळापत्रकात आणि त्याच निकडीने झाली पाहिजे.