बिगएंड बेअरिंग बदलताना घ्यावयाची काळजी



गळीत हंगाम आटोपला की आपल्यातले काहीजण ट्रॅक्टर घेऊन कुंभार्ली घाट उतरतात आणि मंडणगडच्या बाजूला जांभ्याचे चिरे वाहण्याचे काम धरतात. दोन पैसे मिळतात, हे खरे. पण अशाच एका सभासदाचा ट्रॅक्टर ट्रकवर घालून परत आणावा लागला. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. बेअरिंग तर नवेच होते! मग घडले काय? क्रँक न मोजताच जुन्याच मापाचे बेअरिंग बसविले होते.

आम्ही पडलो शेतकी पदविकेवाले. परंतु जाणत्या मिस्त्रींकडून समजून घेतले ते येथे देत आहोत.

रॉडचे मोठे टोक क्रँकवर फिरते. मध्ये बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. चालू इंजिनात क्रँक वाटीला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. उभ्या चढावर चेंबरमधले ऑइल एका बाजूस जाते. ते कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि थर तुटतो. एअर क्लीनर गळका असेल तर तांबडी धूळ ऑइलात उतरते. तेव्हा :

१) माप – क्रँक मायक्रोमीटरने आडवा-उभा मोजून घ्यावा. अंडाकृती झाला असल्यास ग्राइंडिंग करून त्याच मापाचे, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मि.मी. अंडरसाइज, बेअरिंग घ्यावे.

२) धातू – तांबे-शिशाच्या वाटीवर मऊ मुलामा असतो. ती जड ओढ सोसते व बारीक कचरा पोटात घेते. ॲल्युमिनियमची वाटी खराब ऑइलाने लवकर खात नाही. तरी आपल्या इंजिनास कंपनीने सांगितलेलाच प्रकार घ्यावा. स्वस्त म्हणून दुसरा नको.

३) फट – ढोबळ हिशेब असा की, क्रँकच्या दर इंच व्यासाला एक थाऊ. अडीच इंचाला अडीच थाऊ. अखेरचा आकडा मात्र पुस्तिकेतलाच. फट प्लास्टिगेजने तपासता येते.

४) जोडणी – कॅप कानशीने घासू नये, वाटीमागे कागद-पत्रा घालू नये. कॅपचे नंबर अदलाबदल करू नयेत. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत.

जुने बेअरिंग जळाले असेल तर त्याचा चुरा ऑइलच्या वाटांत राहतो. त्या धुऊन, फिल्टर बदलून, ऑइल पंप तपासल्याशिवाय नवे बेअरिंग घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

ऑइलचा दाब उतरला किंवा खालून ठोके येऊ लागले, तर "एवढी खेप टाकून येतो" म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा.

बंधूंनो, तोडलेला ऊस थांबत नाही. एक ट्रॅक्टर बसला की टोळी बसते, फडात ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरही उतरते. हंगामाची मोळी पडण्यापूर्वीच इंजिन दाखवून घ्या. बेअरिंगचे चार पैसे वाचवून क्रँक घालवू नका.

– ऊसविकास अधिकारी