शिरोरेखा जपणाऱ्या चार ओळी

छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे मजकूर वाचण्याआधी मला पान दिसतं. दोन ओळींत जागा किती सोडली आहे, जोडाक्षर फुटलंय का, शीर्षकाचा टाइप मजकुराला शोभतो का, यावर आधी नजर जाते. आता ओळखीतले बरेच लेखक ब्लॉगवर लिहितात आणि तपासायला मला दुवा पाठवतात. लेखन सकस असतं, पण पान बघवत नाही. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकलेला असतो, शीर्षकातली शिरोरेखा अक्षरागणिक तुटलेली असते आणि उताऱ्याचा अख्खा परिच्छेद तिरका पडलेला असतो.

यात लेखकाचा दोष नाही. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर मिळणाऱ्या तयार थीम बहुतेक वेळा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. पण दुरुस्ती आपल्या हातात आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असावं लागत नाही. सीएसएसच्या चार ओळी पुरतात.

सीएसएस म्हणजे पानाच्या रूपाचे नियम. मजकूर वेगळा आणि त्याचं रूप वेगळं ठेवावं, या विचाराने होकोन व्यूम ली यांनी 1994 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत असताना त्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर 1996 मध्ये पहिली प्रमाण आवृत्ती आली. म्हणूनच आज लेखातल्या एकाही शब्दाला हात न लावता जुन्या-नव्या सगळ्या लेखांचं रूप एका फटक्यात बदलता येतं.

ब्लॉगरमध्ये थीम, कस्टमाइझ, अ‍ॅडव्हान्स्ड असं जात राहिलं की 'अ‍ॅड सीएसएस' नावाची रिकामी चौकट मिळते. वर्डप्रेसच्या कस्टमायझरमध्ये अशीच 'अ‍ॅडिशनल सीएसएस' ही सोय 2016 पासून आहे. हात घालण्यापूर्वी थीमचा बॅकअप उतरवून घ्यावा. ब्लॉगरमध्ये तो थीमच्याच पानावरून एका क्लिकवर मिळतो.

आता पहिली ओळ. ब्लॉगरच्या थीममध्ये लेखाच्या मजकुराला सहसा 'पोस्ट-बॉडी' असं नाव दिलेलं असतं. आधी टिंब, त्याला लागून पोस्ट-बॉडी, मग महिरपी कंस उघडायचा. आत 'लाइन-हाइट', अपूर्णविराम, 1.8, अर्धविराम, आणि कंस बंद. टाइप करताना हे शब्द अर्थातच रोमन अक्षरांत. याचा अर्थ, अक्षर 18 पिक्सेलचं असेल तर ओळीला 32.4 पिक्सेल उंची मिळते. इंग्रजीला 1.5 पट उंची सहसा पुरते. पण 'मूर्तींचं' हा एकच शब्द बघा. पायाशी ऊकार, डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार! एवढ्या पसाऱ्याला श्वास घ्यायला जागा नको?

दुसरी ओळ शीर्षकांसाठी. रोमन कॅपिटल अक्षरं ऐटदार दिसावीत म्हणून अनेक थीम शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जादा अंतर घालतात. देवनागरीत त्या अंतरामुळे शिरोरेखेलाच भगदाडं पडतात. एच1, एच2, एच3 या शीर्षकांच्या नावांपुढे महिरपी कंसात 'लेटर-स्पेसिंग' शून्य केलं की शब्द पुन्हा एकसंध होतो. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते.

तिसरी ओळ उताऱ्यांसाठी. देवनागरी फाँटमध्ये खास रेखाटलेली तिरकी अक्षरं क्वचितच असतात. त्यामुळे ब्राउझर सरळ अक्षरच यांत्रिकपणे कलवतो आणि काना आडवा व्हायला लागतो. 'ब्लॉककोट'साठी 'फाँट-स्टाइल' नॉर्मल करावं. उतारा वेगळा दिसायला डावीकडे एक रंगीत रेघ पुरते.

चौथी ओळ फाँटची. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' किंवा पुस्तकी वळणाचा 'टिरो देवनागरी मराठी', दोन्ही गूगल फाँट्सवर मोफत आहेत. तिथला दुवा थीममध्ये घालून 'फाँट-फॅमिली'त नाव लिहायचं. मुक्ता सात जाड्यांत मिळतो. सगळ्या मागवू नका. साधी आणि ठळक एवढ्या दोनच घ्या, म्हणजे गावाकडच्या मंद नेटवर्कवरही पान लवकर उघडेल.

सीएसएसच्या बाहेरची एक गोष्टही आवर्जून करावी. पानाला 'मराठी' अशी भाषेची खूण द्यावी. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की ती आपोआप पडते. अक्षरांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असलेला फाँट ही खूण पाहून हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतो. अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही आवाज कोणत्या भाषेचा निवडायचा, हे त्यावरूनच कळतं.

प्रयोगाची भीती वाटत असेल तर संगणकावर आपलाच ब्लॉग उघडा, उजवं क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा आणि तिथे आकडे बदलून पाहा. तो बदल फक्त तुम्हाला दिसतो आणि पान रिफ्रेश केलं की पुसला जातो. पसंत पडलेला आकडाच चौकटीत उतरवा. शेजारी स्लॅश आणि तारा यांच्या खुणांमध्ये तारीख व कारण लिहून ठेवा. वर्षभराने ती ओळ का घातली हे आठवत नाही. मग फोनवर पान तपासा, कारण पुष्कळ वाचक तिथेच असतात.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. सीएसएस रूपापुरतं असतं, पण जावास्क्रिप्ट पानावर काम करतं. वाचकाने काय टाइप केलं हे टिपू शकतं, त्याला भलत्या साइटवर नेऊ शकतं. घड्याळ, वाचकांची मोजदाद, पडणारी फुलं असला अनोळखी ठिकाणचा जावास्क्रिप्टचा तुकडा न समजता चिकटवू नका. आपल्या ब्लॉगवर येणाऱ्याची जबाबदारी आपली असते.

कागदावरच्या मराठीसाठी जुळाऱ्यांनी आणि मुद्रकांनी पिढ्यानपिढ्या डोळे शिणवले. पडद्यावरच्या मराठीला तेवढीच निगा हवी आणि ती घेणारा मुद्रक आता लेखक स्वतःच आहे. तेव्हा आज थीमचा बॅकअप घ्या आणि निदान ओळींमधलं अंतर तरी वाढवा.