चेहऱ्याचा रंग तयार मिळत नाही



पूर्वी स्टुडिओत हाताने रंगवलेल्या तसबिरी पुष्कळ घरांत आहेत. त्यांत अनेकदा चेहरा गोरापान केलेला असतो. ज्याने उन्हातान्हात जन्म काढला, त्याचा खरा रंग नातवंडांना मग दिसणार कुठे? म्हणून सुट्टीत मुलांना जलरंगांची पेटी आणून द्या आणि वडीलधाऱ्यांना समोर बसवून त्यांचे चित्र काढू द्या.

पेटीतला तयार ‘कातडीचा’ रंग फिकट गुलाबी असतो. तो आपल्या कामाचा नाही. ‘यलो ऑकर’ हा पिवळ्या मातीचा रंग, तर ‘बर्न्ट सिएना’ भाजलेल्या मातीचा. दोन्हींचे मूळ मातीतले लोह. हे दोन एकत्र करा. सावळ्या वर्णासाठी त्यात थोडा ‘अल्ट्रामरीन’ निळा घाला. सावलीसाठी काळा वापरू नका. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते आणि चेहरा आजारी दिसतो. सावलीलाही तांबूस आणि निळाच हवा.

आता चेहरा नीट न्याहाळा. शेताची माती जशी सगळीकडे सारखी नसते, तसाच चेहराही नसतो. गाल, नाक व कानांच्या पाळ्या तांबूस असतात, कारण तेथे रक्त कातडीजवळ खेळते. दाढीची जागा निळसर करडी दिसते. फेट्याखालचे कपाळ उजळ, तर मान व हात रापलेले असतात. उन्हाने कातडीतले मेलॅनिन वाढते, त्याचा हा परिणाम.

बैठक ओसरीवर, एका बाजूने उजेड येईल अशी ठेवा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतात. आधी फिकट हात द्या, तो वाळला की गडद. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून दुसऱ्या कागदावर पट्टा ओढून पाहा व वाळल्यावर चेहऱ्याशी ताडा. नाकाच्या शेंड्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद.

हे माध्यम साधे, पण थोर. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातच काढले. दिव्याच्या उजेडात उजळलेला तो चेहरा म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहायला मिळतो.

पहिले चित्र बिघडेल, दुसरेही बिघडेल. हरकत नाही. मात्र आजीला गोरी करू नका. सुरकुत्या झाकू नका. आजी समोर बसलेली आहे, तोवरच हे काम उरकून घ्या.