अंगमेहनतीचं अर्थशास्त्र

उंबरमाळीच्या आसपासच्या पाड्यांवरून कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली, मजुरी हजार विटांमागे. अंगात ताकद असेल तेवढीच कमाई; पोट अर्धं तर विटा कमी, विटा कमी तर पोट पुन्हा अर्धंच. हे चक्र पार्थ दासगुप्ता आणि देबराज रे यांनी १९८६ मध्ये सिद्धान्तात मांडलं. त्याआधी, १९७१ मध्ये, पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषा माणशी रोज २,२५० उष्मांकांवर बेतली. या रेषेवर पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं. घेतंही, पण चिखल तुडवणाऱ्या बाईला हे सांगणार कोण? अर्धं पोट मुलांच्या अंगावर दिसतं, म्हणून अंगणवाडीत त्यांच्या वजनाबरोबर उंचीही मोजतात. वयाच्या मानाने खुजेपणा ही जुन्या कुपोषणाची खूण, उंचीच्या मानाने रोडपणा अलीकडच्या.